परमुलखातील पाणी आणि पाहुण्याचा गळ : परदेशी मासेमारी-सहलींच्या प्रश्नाचा आढावा

पोटासाठी नव्हे तर हौसेखातर गळाने मासे धरण्याला अभ्यासक ‘हौशी मासेमारी’ म्हणतात, आणि या हौसेपायी स्वदेश सोडून दुसऱ्या देशातील नदी, सरोवर किंवा समुद्र गाठण्याची प्रथा आता सुमारे दोनशे वर्षांची झाली आहे. कोकणात खाडीच्या काठी गरी टाकून बसणारा माणूस आणि आठवडाभराचा परवाना काढून नॉर्वेच्या नदीवर जाणारा माणूस यांच्या हातातील साधन मुळात एकच असते. परंतु दुसऱ्याच्या बाबतीत गळ पाण्यात पडण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षांचे मनसुबे, पैशांची जमवाजमव, हंगामाचा हिशेब आणि परवान्यांची खटपट एवढे सगळे घडून गेलेले असते. या व्यवहाराविषयी पर्यटनशास्त्र, मत्स्यविज्ञान, प्राणिनीती आणि स्थानिक हक्क अशा वेगवेगळ्या अंगांनी गेल्या अर्धशतकात बरेच लिहिले गेले, मात्र हे लेखन बहुधा आपापल्या चौकटीत राहिले. ते एकत्र ठेवून पाहिले असता एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : दूरदेशीच्या माणसाचे स्वप्न आणि त्यामागून येणारा पैसा त्या पाण्याच्या, त्यातील माशांच्या आणि काठावरच्या लोकांच्या उपयोगी पडतो काय, आणि पडत असेल तर कोणत्या अटींवर? हा प्रश्न आज कोठवर आला आहे, याचा मागोवा पुढे घेतला आहे.

स्वप्नाची घडण

आयझॅक वॉल्टन यांचा ‘द कम्प्लीट अँगलर’ हा १६५३ मधील ग्रंथ इंग्रजी गळमासेमारीचा आद्यग्रंथ मानला जातो, पण त्यातील नद्या घराजवळच्या आहेत. परदेशी नदीचे स्वप्न एकोणिसाव्या शतकात आकाराला आले आणि त्याची पहिली मोठी भूमी नॉर्वे ठरली. १८२० ते १८४० या काळात ब्रिटिश उमराव आणि धनिक तेथील नद्यांवर सॅमन मासा धरण्यासाठी उन्हाळ्यात येऊ लागले. नॉर्वेजियन लोकांनी त्यांना ‘सॅमन लॉर्ड’ असे नाव ठेवले. सॅमन हा समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या नदीत परतणारा मासा आहे, त्यामुळे तो कोणत्या आठवड्यात कोठे सापडेल हे बऱ्याच अंशी आधी सांगता येते, आणि दूरच्या सहलीचा बेत आखणे शक्य होते ते यामुळेच. नॉर्वेत सॅमन धरण्याचा हक्क नदीकाठच्या जमिनीशी जोडलेला असल्याने हे पाहुणे शेतकऱ्यांकडून नदीचे पट्टे वर्षानुवर्षांच्या कराराने भाड्याने घेत. १८४८ मध्ये लंडनमध्ये खास सॅमन धरणाऱ्यांसाठी नॉर्वेची मार्गदर्शिका निघाली होती, यावरून हा प्रवास किती रुळला होता याची कल्पना येते.

काही ठिकाणी पाण्याकडे जाण्याऐवजी मासाच आणून स्वप्नाची जागा तयार करण्यात आली. १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ नावाच्या जहाजातून इंग्लंडहून टास्मानियाला सॅमनची अंडी शेवाळात गुंडाळून, बर्फाच्या कोठीत ठेवून नेण्यात आली. सोबत ट्राउट या माशाची थोडी अंडी जाता जाता घातली होती. सॅमन तेथे रुजला नाही, पण ट्राउट रुजला, आणि तेथून १८६७ मध्ये तो न्यूझीलंडला गेला. १९०४ मध्ये अमेरिकेहून आलेली अंडी अर्जेंटिनातील नाउएल उआपी सरोवराच्या परिसरात सोडण्यात आली, आणि पुढे पॅटागोनियातील ट्राउटच्या नद्यांची जगभर ख्याती झाली. काश्मीरच्या नद्यांतील ट्राउट हीदेखील याच काळातील ब्रिटिशांची आयात होय. आज ज्या पाण्याला सहल-व्यवसाय ‘अस्पर्श’ म्हणून पुढे करतो, त्यांतील कित्येक ठिकाणचा मासा अशा रीतीने बाहेरून आणलेला आहे आणि त्याच्या आगमनाने तेथील लहान देशी मासे मागे हटले आहेत, ही गोष्ट बेत आखणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

विसाव्या शतकात या स्वप्नाला लेखक आणि विक्रम यांनी खतपाणी घातले. अमेरिकन कादंबरीकार झेन ग्रे १९२६ मध्ये न्यूझीलंडला गेले आणि त्यांनी त्या देशाला गळ टाकणाऱ्यांची सुवर्णभूमी म्हणून जगापुढे आणले. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना स्थापन झाली, आणि कोणत्या पाण्यात किती वजनाचा मासा मिळाला याच्या प्रमाण नोंदी सुरू झाल्या. या नोंदींनी दूरच्या गावांची नावे गळवाल्यांच्या तोंडी बसवली. भारतापुरते पाहिले तर एच. एस. थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा १८७३ मधील ग्रंथ आणि १९४६ मध्ये म्हैसूरच्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत धरलेला १२० पौंडांचा महसीर मासा या दोन गोष्टींनी परदेशी वाचकांच्या मनात दक्षिण भारतातील नद्यांचे एक चित्र रुजवले. स्वातंत्र्यानंतर ते पुसट झाले होते. १९७७-७८ मध्ये तीन ब्रिटिश तरुणांनी कावेरीवर मोठे महसीर धरल्याची वार्ता पसरली, तेव्हा ते पुन्हा उजळले.

बेत आखण्याचा अभ्यास

प्रत्यक्ष सहलीपेक्षा तिची तयारीच अधिक काळ चालते, ही बाब अभ्यासकांनी लवकर हेरली. मॅरियन क्लॉसन आणि जॅक नेच यांनी १९६६ मध्ये मोकळ्या हवेतील करमणुकीच्या अर्थशास्त्रावर लिहिताना अशा अनुभवाचे पाच टप्पे मांडले : आधीची वाट पाहणे व आखणी, जाण्याचा प्रवास, प्रत्यक्ष वास्तव्य, परतीचा प्रवास आणि नंतरची आठवण. १९७७ मध्ये हॉब्सन ब्रायन यांनी ट्राउट धरणाऱ्यांचा अभ्यास करून ‘विशेषीकरण’ ही संकल्पना मांडली. तिचा अर्थ असा की माणूस या हौसेत जसजसा मुरत जातो तसतशी केवळ मासा मिळावा ही त्याची ओढ कमी होते, विशिष्ट मासा विशिष्ट पाण्यात विशिष्ट पद्धतीने मिळावा असे त्याला वाटू लागते, आणि त्यासाठी तो अधिकाधिक दूर जाण्यास तयार होतो. २०१० मध्ये नेदरलँड्समधील १,५३० प्रौढांच्या पाहणीत येरून नाविन आणि सहकाऱ्यांना असे आढळले की सुटीवर जाणारी माणसे न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी असतात ती मुख्यतः जाण्यापूर्वी. परतल्यानंतर बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरत नाही. ही पाहणी सर्वसाधारण सुट्यांची होती, मासेमारीची नव्हे, त्यामुळे तिचा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही नकाशे, भरतीचे तक्ते आणि नदीच्या पातळीचे आकडे पाहण्यात संपूर्ण हिवाळा घालवणाऱ्या माणसाचे सुख तीतून बरेचसे उलगडते.

हा बेत प्रत्यक्षात कसा असतो हे नॉर्वेच्या एका सॅमन-आठवड्यावरून पाहता येईल. हंगाम साधारणपणे जूनच्या आरंभापासून ऑगस्टअखेरपर्यंत असतो. जूनमध्ये, समुद्रात दोन-तीन वर्षे काढून आलेले मोठे मासे प्रथम नदीत शिरतात. पण ते मोजके असतात, बर्फ वितळल्याने पाणी गार आणि फुगलेले असते, आणि पिसांची कृत्रिम माशी खोल नेण्यासाठी जड, बुडणारा दोर लागतो. जुलैत मासे संख्येने वाढतात, मात्र त्यांत समुद्रात एकच हिवाळा काढून आलेले लहान सॅमन अधिक असतात, पाणी उतरते आणि तरंगता दोर चालतो. ऑगस्टमध्ये पाणी आणखी खाली जाते व मासा बुजरा होतो. मोठ्या माशाची क्षीण आशा धरावी की लहान माशांची बऱ्यापैकी खात्री, हा निर्णय सहा-आठ महिने आधी घ्यावा लागतो, कारण नदीच्या प्रत्येक पट्ट्यावर एका वेळी गळाच्या किती काठ्या चालतील याला मर्यादा असते आणि चांगले आठवडे जुन्या गिऱ्हाइकांकडे राखून ठेवलेले असतात. त्याखेरीज गुडघ्यांच्या वर येणारे जलरोधक कपडे, बूट, जाळे आणि काठ्या पूर्ण वाळवून किंवा औषधी द्रावणात बुडवून निर्जंतुक करून घ्याव्या लागतात आणि तसे प्रमाणपत्र अनेक नद्यांवर दाखवावे लागते.

ही शेवटची अट कागदी सोपस्कार वाटू शकते, पण तिच्यामागचा इतिहास फार दुःखद आहे. ‘जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस’ हा सॅमनच्या पिलांच्या कातडीवर वाढणारा सूक्ष्म परजीवी १९७० च्या दशकात स्वीडनहून आणलेल्या पिलांबरोबर नॉर्वेत आला आणि सुमारे पन्नास नद्यांत पसरला. कित्येक ठिकाणी तो नाहीसा करण्यासाठी नदीत विष टाकून सर्व मासे मारावे लागले. न्यूझीलंडमध्ये २००४ साली ‘डिडिमो’ हे दगडांवर घट्ट थर धरणारे शेवाळ साउथ आयलंडच्या एका नदीत आढळले, आणि ओल्या नमद्यात त्याचे कण जिवंत राहतात म्हणून २००८ पासून नमद्याच्या तळव्याचे बूट घालून नदीत उतरण्यास तेथे बंदी आली. एका ओल्या बुटातून संपूर्ण नदीखोऱ्याला धोका पोचतो हे समजल्यापासून सहलीच्या तयारीचे स्वरूपच पालटले. बेत ही आता खाजगी बाब राहिलेली नसून तिला सार्वजनिक जबाबदारीचे अंग आहे, या मुद्द्यावर सर्व पक्षांचे जवळपास एकमत दिसते.

पैसा आणि संरक्षण

मतभेद सुरू होतात ते पैशांपासून. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की जिवंत मासा मेलेल्या माशापेक्षा अधिक मोलाचा ठरला तरच काठचे लोक त्याला राखतील, आणि हे मोल परदेशी पाहुण्याच्या खिशातून येते. अमेरिकेतील ली वुल्फ यांनी १९३९ मध्येच असा विचार मांडला होता की चांगला खेळाचा मासा एकदाच पकडून संपवावा इतका स्वस्त नाही. या पक्षाचे सर्वात बोलके उदाहरण मंगोलियाचे आहे. तेथील तायमेन हा सॅमनच्या कुळातील सर्वात मोठा मासा दीड मीटरपर्यंत वाढतो, पण फार हळू वाढतो आणि उशिरा वयात येतो, त्यामुळे थोड्याशा उपशानेही त्याची संख्या घसरते. एग आणि ऊर या नद्यांच्या खोऱ्यात परदेशी गळवाल्यांकडून मिळणारे शुल्क स्थानिक राखणदारी, संशोधन आणि गावांच्या कामांना जोडण्यात आले. एकच काटा, तोही बिनअडीचा, आणि प्रत्येक मासा परत सोडायचा, अशी शिस्त घालण्यात आली. अडी म्हणजे गळाच्या टोकाशी असणारा उलटा दात; तो काढून टाकला की गळ तोंडातून कमी इजा करून निघतो. दायान देर्ख या बौद्ध मठाच्या पुनर्बांधणीला या कामात स्थान देण्यात आले, कारण माशाला पवित्र मानण्याची जुनी भावना आणि नवे शुल्क यांची सांगड घालता आली तरच नियम टिकतील असा त्यामागे विचार होता.

दुसरी बाजू या उत्पन्नाच्या वाटणीकडे बोट दाखवते. सहलीचा मोठा खर्च विमानप्रवास, साहित्य आणि परदेशातील सहल-कंपनी यांच्यात संपतो; गावात उरतो तो नावाडी, स्वयंपाकी आणि वाटाड्या यांचा हंगामी रोज. शिवाय हे उत्पन्न फार नाजूक असते. सोव्हिएत राजवटीच्या अस्ताच्या सुमारास रशियाचा कोला द्वीपकल्प परदेशी सॅमन धरणाऱ्यांना खुला झाला आणि पोनोईसारख्या नद्यांवर तीन दशके शिबिरे चालली. २०२२ नंतर युद्ध आणि निर्बंध यांमुळे पाश्चात्य पाहुण्यांची ये-जा जवळजवळ थांबली. नदी राखण्याचे काम पाहुण्यांच्या पैशावर उभे असेल तर पाहुणा न आल्यास नदी कोणी राखायची, या प्रश्नाला पहिल्या पक्षाने अद्याप समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

मासा खाण्यासाठी नेणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. नॉर्वेच्या समुद्रकाठी जर्मनी आणि पूर्व युरोपातून येणारे हजारो लोक कॉड धरून त्याचे गोठवलेले तुकडे घरी नेतात. यावर मर्यादा घालण्यासाठी नॉर्वेने २०१८ मध्ये नोंदणीकृत मासेमारी-निवासांच्या पाहुण्यांना २० किलो मासे देशाबाहेर नेण्याची मुभा ठेवली, २०२१ मध्ये ती १८ किलोंवर आणली आणि नोंदणी नसलेल्या ठिकाणच्या पाहुण्यांची मुभा काढून घेतली. किनाऱ्यावरचे व्यावसायिक मच्छीमार याला अपुरे समजतात, तर निवासचालकांच्या मते हाच व्यवसाय ओस पडणारी बेटे जगवतो.

माशाची बाजू

मासा सोडून देणे हेच सर्वांत नैतिक, असे पहिल्या पक्षाला वाटते. प्राणिकल्याणवाद्यांना नेमके तेच खटकते. लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउटच्या डोक्यात इजेची जाणीव वाहून नेणारे मज्जातंतू दाखवून दिले आणि इजा झालेल्या माशाचे वागणे बदलते हेही नोंदवले. ब्रेथवेट यांनी २०१० मध्ये हा विषय पुस्तकरूपाने मांडला. उलटपक्षी जेम्स रोझ यांनी २००२ पासून असा युक्तिवाद केला की वेदनेची जाणीव होण्यासाठी मेंदूचा जो बाह्य थर सस्तन प्राण्यांत असतो तो माशांत नसल्याने प्रतिक्षेप आणि वेदना यांची गल्लत करू नये. पुढे रॉबर्ट आर्लिंगहाउस यांच्यासारखे हौशी मासेमारीचे अभ्यासकही या युक्तिवादाच्या बाजूने उभे राहिले. मेंदूची रचना वेगळी असली तरी कार्य तेच असू शकते, हे स्नेडन-ब्रेथवेट यांच्या गटाचे उत्तर. पुराव्याचा कल गेल्या दोन दशकांत माशाला काहीतरी सोसावे लागते याकडे झुकला आहे असे म्हणता येते; मात्र ते सोसणे किती आणि कोणत्या प्रकारचे, हे मोजण्याचे सर्वमान्य साधन हाती नाही.

कायद्यांनी या शास्त्रीय वादाचा निकाल लागण्याची वाट पाहिलेली नाही. जर्मन प्राणिसंरक्षण कायद्यानुसार पृष्ठवंशीय प्राण्याला रास्त कारणाशिवाय वेदना देता येत नाहीत, आणि खाण्याचा हेतू नसताना केवळ खेळ म्हणून मासा धरून सोडणे हे रास्त कारण मानले जात नाही. स्वित्झर्लंडने २००९ पासून, सोडण्याच्या हेतूनेच मासे धरण्याला स्पष्ट मनाई केली. परिणामी, जर्मन गळवाल्याला स्वदेशात जे निषिद्ध ते मंगोलियात सक्तीचे असते. एकाच माणसाने एकाच उन्हाळ्यात दोन विरुद्ध नीती पाळाव्यात अशी ही स्थिती आहे. निषिद्ध गोष्टीची हौस परदेशात जाऊन भागवण्याचा मार्गही तीतून निघतो. स्पेनमधील एब्रो नदीत १९७४ मध्ये एका जर्मन गळवाल्याने वेल्स नावाचा अवाढव्य मांजरमासा सोडला, आणि मेकिनेन्सा धरणाचा परिसर पुढे जर्मन व ब्रिटिश गळवाल्यांचे मोठे ठिकाण बनला. स्पॅनिश कायद्याच्या दृष्टीने मात्र तो मासा आज आक्रमक परकी प्रजाती आहे.

सोडलेला मासा जगतो का, याविषयी पुष्कळ मोजमाप झाले आहे. बार्थोलोम्यू आणि बोनसॅक यांनी २००५ मध्ये अशा २७४ अंदाजांचा आढावा घेतला तेव्हा मृत्यूचे सरासरी प्रमाण १८ टक्के आढळले, परंतु ते प्रजाती, गळ लागण्याची जागा, पाण्याची खोली आणि उष्णता यांनुसार फार बदलते. ओठात लागलेला गळ आणि गिळलेला गळ यांत जीवनमरणाचे अंतर असते. तसेच पाण्याचा पारा चढला की दमलेल्या सॅमनला पुन्हा श्वास सापडणे अवघड होते. कॅनडातील मिरामिशी नदीवर उष्णतेची ठराविक मर्यादा ओलांडली की गार डोहांतील मासेमारी बंद ठेवली जाते, ती याच कारणासाठी. सरासरीचा आकडा बेत आखणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही. त्याने आपल्या पाण्याचा आणि आपल्या आठवड्याचा विचार करावा, एवढाच बोध त्यातून घेता येतो.

पाणी कोणाचे

तिसरा पक्ष माशापेक्षा काठाकडे पाहतो. नॉर्वेत सॅमन लॉर्डांनी सुरुवातीला पट्टे फार स्वस्तात मिळवले, पण शेतकऱ्यांना आपल्या हक्काची किंमत कळताच भाडी वाढली आणि पुढे स्थानिक संघांनी नद्या आपल्या हाती घेतल्या. आल्टा नदीवर आजही सोडत पद्धतीने परवाने निघतात आणि स्थानिक रहिवाशांना त्यात निश्चित वाटा असतो. जुलैच्या न मावळणाऱ्या उन्हात लांबट होडीत दोन वल्हेकरी आणि एक गळवाला, ही तेथील जुनी पद्धत टिकली ती हक्क खोऱ्याकडे राहिल्यामुळे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नामांकित नद्यांचे वेगळे वर्ग पाडून परदेशी पाहुण्यांकडून दिवसागणिक शुल्क घेतले जाते, आणि स्कीना खोऱ्यातील काही पाण्यांवर हंगामातील शनिवार-रविवार कॅनडाच्या रहिवाशांसाठी राखीव असतात. बहामामध्ये उथळ खारपाण्यातील बोनफिश या माशासाठी परदेशी पाहुण्यांना परवाना सक्तीचा करणारे नियम २०१७ मध्ये आले. त्याआधी दोन वर्षे, पाहुण्याने स्थानिक वाटाड्या घेतलाच पाहिजे का, यावर तेथे कडाक्याचा वाद झाला होता. ज्याला स्वतःच्या हिमतीवर परके पाणी वाचायचे आहे त्याच्या स्वप्नाला अशी सक्ती जाचक वाटते, आणि ज्याचे घर त्या वाटाडेपणावर चालते त्याला तिच्यावाचून न्याय दिसत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

पाहुण्याच्या पैशावाचूनही मासे राखले जातात, याची साक्ष महाराष्ट्रात मिळते. पालघर जिल्ह्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात आणि रायगड जिल्ह्यातील वाळण कोंड येथे काळ नदीच्या डोहात महसीर देवाचे म्हणून पाळले जातात. भाविक त्यांना खाऊ घालतात आणि कोणी तेथे जाळे किंवा गळ टाकत नाही. अर्थात हे संरक्षण एकेका डोहापुरते आहे, संपूर्ण नदीला त्याचा आधार नाही, ही त्याची मर्यादाही मान्य केली पाहिजे.

कावेरी : सर्व प्रश्नांची एकत्र भेट

वरील सर्व मुद्दे एका ठिकाणी पाहायचे असतील तर कावेरीचे उदाहरण घ्यावे लागते. १९८० च्या दशकापासून कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस या संस्थेने भीमेश्वरी, गालीबोरे आणि दोड्डमक्कळी येथे गळमासेमारीची शिबिरे चालवली. नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा गळाला लावून, टोपलीसारख्या गोल होडीतून दगडांमधल्या खोल धारेत तो सोडायचा, आणि मिळालेला महसीर वजन करून परत पाण्यात द्यायचा, असा तेथील रिवाज होता. परदेशी पाहुणे, विशेषतः ब्रिटिश, यासाठी वर्षानुवर्षे पैसे साठवून येत. वाटाडे आसपासच्या गावांतले होते, आणि त्यांपैकी काही जण पूर्वी चोरून मासे मारणारे होते, असे शिबिरांचे समर्थक सांगतात.

हा पट्टा कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणे हाही शिकारीचाच प्रकार मानलेला असल्याने, अभयारण्यात मासा धरून सोडणे कायद्यात बसते काय असा प्रश्न उपस्थित झाला, आणि चालू शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी तेथील गळमासेमारी थांबली. संरक्षित क्षेत्रात खेळासाठी एका प्राण्याला सूट दिली तर उद्या दुसऱ्याला का नाही, हा बंदीच्या बाजूचा युक्तिवाद सुसंगत आहे. विरोधकांचा दावा असा की पाहुणे गेल्याने नदीवरची नजर गेली आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना रान मोकळे मिळाले. हा दावा वारंवार केला जातो, पण बंदीपूर्वीची व नंतरची पद्धतशीर तुलना त्याच्या पाठीशी नाही.

शिबिरांनी मागे ठेवलेल्या वह्या मात्र अनमोल ठरल्या. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी गालीबोरे येथील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या. त्यांत सुमारे २३ हजार ६०० तासांची गळमासेमारी आणि सहा हजारांहून अधिक महसीर होते. वर्षागणिक मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत गेलेली दिसली, म्हणजे वरवर पाहता नदी सुधारत होती. पण निळसर परांचे मासे आणि सोनेरी, पाठीवर उंचवटा असलेले मासे असे दोन गट वेगळे केले, तेव्हा उलगडा झाला : वाढत होते ते निळसर पराचे, आणि पाठीवर उंचवटा असलेल्या ज्या महसीरासाठी जगभरातून माणसे येत होती तो झपाट्याने नाहीसा होत होता. २०१८ मध्ये त्याची ओळख ‘टॉर रेमादेवी’ या प्रजातीशी पटली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. म्हणजे विक्रमी महसीराचे स्वप्न शंभर वर्षे जगात फिरत राहिले, आणि त्या माशाला शास्त्रीय नाव निश्चित होईपर्यंत तो संपण्याच्या काठावर आला होता.

निळसर पराचा मासा आला कोठून, याचे उत्तर महाराष्ट्राकडे येते. ‘टॉर खुद्री’ ही प्रजाती विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील नमुन्यांवरून वर्णिली, आणि १९७० च्या दशकापासून टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण धरणाजवळ तिची कृत्रिम पैदास यशस्वी केली. धरणांमुळे महसीर संपत चालला असताना हे काम मोठ्या कळकळीने झाले आणि तेथील पिले अनेक राज्यांना देण्यात आली. कावेरीतही ती सोडली गेली. त्या काळी दक्षिणेतील सर्व महसीर जवळपास एकच समजले जात, त्यामुळे एका खोऱ्यातील मासा दुसऱ्यात सोडण्यात काही गैर आहे असे कोणाला वाटले नाही. संवर्धन आणि गळवाल्यांची सोय या दोन्ही हेतूंनी केलेल्या या कृतीने मूळ माशावर नेमका किती भार टाकला, आणि धरणे, वाळूउपसा व सुरुंग यांचा वाटा किती, याची फोड अजून झालेली नाही.

बदलते पाणी आणि उरलेले प्रश्न

आतापर्यंत बेत आखणाऱ्याचा सर्वांत मोठा आधार होता तो नदीच्या नियमितपणाचा. तो आता डळमळला आहे. २०२१ मध्ये नॉर्वेने अटलांटिक सॅमनला आपल्या लाल यादीत संकटाच्या उंबरठ्यावरील प्रजातींत घातले, आणि २३ जून २०२४ रोजी, हंगाम ऐन भरात असताना, परतणाऱ्या माशांची संख्या फारच कमी दिसल्याने ३३ नद्यांवरील सॅमनमासेमारी बंद करण्यात आली. ज्यांनी पूर्ण वर्ष त्या आठवड्याची वाट पाहिली होती ते निराश झाले. ज्या शेतकऱ्यांचे वर्षाचे उत्पन्न त्या आठवड्यांत येते त्यांचे नुकसान त्याहून मोठे होते. समुद्रातील सॅमन-शेतीतून पसरणाऱ्या उवा आणि पळून गेलेले पाळीव मासे हे रानटी सॅमनचे मोठे शत्रू असल्याचे नॉर्वेच्या शास्त्रीय समितीने सातत्याने सांगितले आहे, आणि त्यात समुद्राच्या बदलत्या तापमानाची भर पडते. सोव्हिएत काळात श्वेत समुद्राच्या परिसरात सोडलेला गुलाबी सॅमन २०१७ पासून विषम वर्षांत नॉर्वेच्या उत्तरेकडील नद्यांत मोठ्या संख्येने चढू लागला आहे, तो वेगळाच.

अशा स्थितीत काही प्रश्न स्पष्टपणे अनिर्णित आहेत. हजारो किलोमीटरच्या विमानप्रवासाने तापणाऱ्या हवेचा भार आणि त्या प्रवासाच्या पैशाने राखलेली नदी यांचा ताळेबंद मांडण्याची मान्य पद्धत नाही. मध्येच नदी बंद झाली तर नुकसान पाहुण्याने सोसावे, जमीनमालकाने की शासनाने, याविषयी देशोदेशी वेगवेगळे पायंडे पडत आहेत. सोडलेला मासा आठवडाभर जगतो हे अनेकदा मोजले गेले. त्याने त्या वर्षी अंडी घातली की नाही आणि त्याची पिले किती जगली, यावरचे काम सॅमनबाहेरच्या प्रजातींत तुटपुंजे आहे. उपलब्ध उदाहरणांवरून एवढे म्हणता येते की आल्टासारख्या ठिकाणी, जेथे पाण्यावर काठच्या लोकांचा कायदेशीर अधिकार आहे, तेथे पाहुण्याचा पैसा माशाच्या कामी येण्याची शक्यता अधिक असते. पण हे अनुमान थोड्या ठिकाणांवर उभे आहे, आणि मंगोलियात किंवा कावेरीवर तेच लागू होईल असे गृहीत धरता येणार नाही.

सर्वांत तातडीचा प्रश्न नोंदींचा आहे. गालीबोरेच्या वह्या तपासल्या गेल्या नसत्या तर एका प्रजातीची घसरण ध्यानातही आली नसती, आणि तशा वह्या जगभरच्या शेकडो शिबिरांत पडून आहेत. त्यांतील बहुतेक खाजगी मालकीच्या आहेत. मासा, त्याची लांबी, पाण्याची उष्णता आणि गळ कोठे लागला या चार गोष्टीदेखील सर्वत्र एकाच रीतीने लिहिल्या जात नाहीत, आणि व्यवसायाला बाधा येईल या भीतीने वाईट वर्षांची पाने सहसा दाखवली जात नाहीत. परवान्याबरोबर नोंदवही सक्तीची करावी आणि ती संशोधकांना खुली असावी, ही मागणी प्राणिकल्याणवादी सोडून बाकीच्या सर्व पक्षांना मान्य होण्याजोगी आहे. प्राणिकल्याणवाद्यांचा आक्षेप असा की अशा नोंदीमुळे मुळातल्या कृतीलाच प्रतिष्ठा मिळते. या आक्षेपाला उत्तर देण्याचा प्रयत्न अजून गांभीर्याने झालेला नाही.